ढोल उतरवल्यावरही चाल तशीच का राहते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, दिवसभर संगणकासमोर बसण्याची नोकरी आणि पुण्यातल्या एका पथकात ढोल वाजवण्याचं हे चौथं वर्ष. सराव सुरू झाल्यापासून सरावानंतर कंबर धरते, उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, आणि आई म्हणते की घरातसुद्धा तू ढोल बांधल्यासारखा चालतोस, पोट पुढे आणि उजवा खांदा खाली. मित्राने कमरेचा पट्टा वापरायला सांगितलं. विसर्जन महिन्यावर आलं आहे. कणा कायमचा वाकडा झाला का आणि वाजवणं सोडावं का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दरवर्षी श्रावण लागला की माझ्याकडे पथकांतली मुलंमुली यायला लागतात. एरवी तबला, सतार, पेटी, व्हायोलिन वाजवणारेही येतात. त्या अनुभवावरून सांगते: तुमचा खरा प्रश्न ‘कणा वाकला का’ हा नाही. ढोल बांधल्यावर शरीर जे आकार घेतं, तो त्या वजनाला दिलेला बरोबर प्रतिसाद असतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा ढोल उतरवल्यावर शरीराला त्या आकारातून बाहेर पडायला वेळच मिळत नाही. म्हणून ढोल सोडण्याआधी तो बांधायची पद्धत आणि उतरवल्यानंतरचा अर्धा तास या दोन गोष्टी सुधारायला हव्यात.

अर्थात यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचा ढोल किती किलोचा आहे, तुमची उंची किती, सराव रोज किती तास चालतो, त्यात स्थिरवादन किती आणि चालत वाजवणं किती, आधी कधी कमरेला दुखापत झाली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. समोर उभं करून तपासल्याशिवाय मी निदान करणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या तक्रारी इतक्या नेहमीच्या आहेत, की त्यांच्यामागचं कारण समजून घेतलंत तर बरंच काही तुमचं तुम्हाला तपासता येईल.

आधी भीती दूर करू. कण्याचा खरा वाक आणि सवयीचा कल यांत फरक असतो. कपडे काढून पाय जुळवून उभे राहा, तळहात एकमेकांना जोडा, गुडघे सरळ ठेवून हळूहळू पुढे वाका आणि आईला मागून बघायला सांगा. कण्याचा खरा वाक असेल तर मणके नुसते बाजूला कलत नाहीत, स्वतःभोवती पिळतातही. त्यामुळे वाकल्यावर एका बाजूच्या बरगड्या किंवा कमरेचा एक भाग उंचवटा धरून वर येतो. पाठ दोन्ही बाजूंना सारखी दिसली, तर उभं असताना दिसणारा तिरका खांदा हा बहुतेक वेळा स्नायूंच्या सवयीचा असतो. दुसरी खूण म्हणजे, जमिनीवर सतरंजी टाकून पाच मिनिटं उताणे पडलं की सवयीचा कल पुष्कळसा निघून जातो. खरा वाक झोपल्यानेही जात नाही. वाकण्याच्या या चाचणीत उंचवटा दिसला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेवर दहा अंशांच्या पुढचा वाक असला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि तोसुद्धा ढोलामुळे आला असं समजू नका. तो बहुधा वाढीच्या वयातच सुरू झालेला असतो आणि तोवर कुणाच्या लक्षात आलेला नसतो.

आणखी एक गोष्ट आईंना सांगा. उजव्या हाताने काम करणाऱ्या बऱ्याच माणसांचा उजवा खांदा थोडा खालीच असतो, ढोल असो वा नसो. आरशात बघत राहिलं की प्रत्येकाला स्वतःत काहीतरी तिरकं सापडतं. शरीराचा आकार बघून दुखणं ओळखता येत नाही. वाकून चालणारी कित्येक माणसं बिनदुखत्या पाठीने आयुष्य काढतात, आणि काठीसारखी सरळ माणसं कंबर धरून येतात. म्हणून मी खांद्यापेक्षा कमरेच्या दुखण्याकडे आणि मांडीच्या मुंग्यांकडे जास्त लक्ष देईन.

आता ढोल बांधल्यावर काय होतं ते बघा. समजा ढोल १० किलोचा आहे आणि त्याचा मध्य तुमच्या मणक्यांपासून ३० सेंटिमीटर पुढे आहे. पाठ सरळ धरून ठेवणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतात. पुढचं वजन आणि मागची ओढ यांचा तराजू जुळायचा, तर १० गुणिले ३० म्हणजे ३००, भागिले ५. म्हणजे नुसतं सरळ उभं राहायला त्या स्नायूंना ६० किलोची ओढ लावावी लागते. हाच ढोल सैल बांधल्यामुळे आणखी १० सेंटिमीटर पुढे लोंबला, तर ओढ ८० किलोवर जाते. वजन तेवढंच, फक्त चार बोटं पुढे. पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेऊन गल्ली पार करता येते, पण हात लांब करून धरली तर दोन मिनिटांत खांदा भरून येतो. तोच हा हिशेब.

इतकी ओढ तासन्‌तास धरणं स्नायूंना परवडत नाही. मग शरीर एक सोपी वाट काढतं. छाती आणि खांदे मागे नेतं, पोट पुढे काढतं, म्हणजे स्वतःचंच वरचं वजन ढोलाच्या विरुद्ध बाजूला टाकतं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या गरोदर बाईची कंबर जशी मागे वळते, तसंच. यामुळे स्नायूंचा भार कमी होतो, पण तो नाहीसा होत नाही. कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला जे लहान सांधे असतात, त्यांच्यावर जातो. हे सांधे मागे वाकलेल्या स्थितीत एकमेकांवर दाबले जातात. तुमची कंबर सरावानंतर धरते, आणि माझा अंदाज आहे की ती पट्ट्याच्या रेषेत, मधोमध किंवा किंचित बाजूला धरते. उकिडवं बसलं किंवा पाठीवर झोपून गुडघे छातीशी घेतले की बरं वाटत असेल, तर दुखणं या मागच्या सांध्यांचं आणि दमलेल्या स्नायूंचं असण्याची शक्यता जास्त. उलट पुढे वाकलं, खुर्चीत बसलं किंवा शिंकलं की कळ येते आणि ती गुडघ्याच्या खाली पायात उतरते, असं असेल तर मामला गादीचा, म्हणजे डिस्कचा असू शकतो. मग खालचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

चालण्याचं आता सविस्तर सांगते, कारण तुमच्या आईंनी नेमकं तेच टिपलं आहे.

मोकळं चालताना डावा पाय पुढे जातो तेव्हा उजवा हात पुढे येतो. कंबर एका बाजूला फिरते आणि खांदे तिच्या उलट. ही उलटसुलट फिरकी प्रत्येक पावलाला होते, आणि तिच्यामुळेच चालणं इतकं स्वस्तात पडतं. कण्याचे सांधेही तिच्यामुळे सारखे हलते राहतात. ढोल बांधला की ही फिरकी बंद होते. दोन्ही हात वाजवण्यात अडकलेले, कंबर पट्ट्यात जखडलेली आणि मांडी उचलली की ती ढोलाला लागते. म्हणून पावलं आखूड पडतात, पाय फाकवून टाकले जातात, चवडे बाहेर वळतात. पायाखालचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे पाऊल टाचेवर न पडता सपाट पडतं. त्यात मिरवणुकीचा वेग. बेलबाग चौकापासून अलका चौकापर्यंत एरवी रमतगमत गेलं तरी पाऊण तास लागत नाही. विसर्जनाच्या दिवशी तेवढ्याच रस्त्याला कित्येक तास लागतात. चार पावलं चाला, थांबा, वाजवा, पुन्हा चार पावलं. माणसाला सर्वांत कमी कष्टाचं चालणं म्हणजे ताशी चार-पाच किलोमीटरच्या आसपासचं. इतकं रखडत चालण्यात पोटरीचा पंप नीट चालत नाही, रक्त पायात साचतं, आणि पाय न चालताही दमतात.

असं दोन-तीन तास चाललं की मेंदू ती चाल तात्पुरती खरी मानायला लागतो. ढोल उतरवला की अंग हलकं, जवळजवळ तरंगतंय असं वाटतं. ते वाटतं कारण शरीर अजून त्या वजनाच्या हिशेबानेच मागे झुकत असतं. हा परिणाम मोकळं चालल्यावर काही मिनिटांत विरतो. पण तुमच्यासारखे बहुतेक जण काय करतात? ढोल ठेवला, घाम पुसला, वडापाव खाल्ला, दुचाकीवर बसून घरी, घरी जाऊन झोप, आणि सकाळी पुन्हा आठ तास खुर्ची. म्हणजे ढोलाच्या चालीनंतर मोकळी चाल आलीच नाही. शरीराने शेवटचं जे चालणं शिकलं, ते ढोलाचंच होतं. महिनाभर रोज असं झालं की आईला स्वयंपाकघरातून ते दिसणारच.

खुर्चीचा वाटा यात मोठा आहे. दिवसभर बसून मांडीच्या पुढचे आणि खुब्याला वाकवणारे स्नायू आखडतात. ते आखडले की उभं राहिल्यावर खुबा पूर्ण सरळ होत नाही आणि तो कमीपणा कंबर मागे वाकून भरून काढते. म्हणजे संध्याकाळी पुलाखाली सरावाला पोहोचता, तेव्हाच तुमची कंबर अर्धी वाकलेली असते, आणि तिच्यावर ढोल चढतो. दहा महिने कुठलाही व्यायाम नाही आणि मग अचानक रोज दोन तास १० किलो, या उडीचा त्रास होतो. ढोलापेक्षा मला ही उडी जास्त खटकते.

मांडीच्या मुंग्यांचं कारण वेगळं आहे. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, तिथून एक बारीक नस मांडीच्या बाहेरच्या बाजूला उतरते. ही नस फक्त त्वचेची जाणीव वाहते, कुठल्याही स्नायूला हलवत नाही. घट्ट पट्टा, घट्ट जीन्स किंवा वाढलेलं पोट यांनी ती दाबली गेली की मांडीच्या बाहेरच्या हातभर भागात मुंग्या, बधिरपणा किंवा चटके जाणवतात, पण पायाची ताकद जात नाही. तुमचा ढोल उजवीकडे कलत असेल तर पट्टा उजव्या टोकावर जास्त रुतत असणार. सरावाला जीन्स आणि त्यावर चामडी पट्टा घालून येणाऱ्यांची अडचण आणखी वाढते, कारण बक्कल किंवा खिशातला मोबाईल बरोबर त्या जागी दाबला जातो. सैल सुती पायजमा घाला, खिसे रिकामे ठेवा, पट्टा त्या टोकावरून न नेता थोडा वर किंवा थोडा खाली न्या आणि त्या जागी दुमडलेला पंचा ठेवा. मुंग्या याने दोन-तीन आठवड्यांत ओसराव्यात. ओसरल्या नाहीत, किंवा पाय उचलताना कमजोरी जाणवली, तर हे नुसतं पट्ट्याचं काम नाही असं समजा.

बांधण्याचं एवढं लक्षात ठेवा. ढोल पोटाला लागून हवा, लोंबता नको. बांधल्यावर दोन्ही हात सोडून जागच्या जागी चार उड्या मारा. ढोल अंगाबरोबर उडाला पाहिजे, वेगळा हिंदकळता कामा नये. पट्टा रुंद आणि सुती असावा, बारीक दोर मांसात रुततो. वजन पोटाच्या मऊ भागावर न येता कमरेच्या हाडांवर यावं. मुलींच्या बाबतीत हे मुद्दाम सांगते, कारण कमरेचा घेर आणि नितंबांचा घेर यांत फरक जास्त असल्याने पट्टा सरकून वर बारीक कमरेवर जातो आणि ढोल पुढे लोंबतो. पथकातल्या दादांनी स्वतःच्या मापाने बांधून दिलेला ढोल ताईंना बसेलच असं नाही. प्रत्येकीने आपली गाठ आपण शिकून घ्यावी. ढोल एका बाजूला कलत असेल तर गाठ सोडून पुन्हा बांधा. तो कल तीन तास अंगावर वागवू नका. आणि एकदा ढोल वजनकाट्यावर ठेवून बघाच. आपण किती वजन घेऊन चालतो हे वादकांपैकी फारच थोड्यांना माहीत असतं. उंचीने लहान आणि अंगाने बारीक वादकाने मोठा ढोल घेण्यात कसली शान नाही.

काही पथकांत खांद्यावरून पट्टे घेण्याची सोय करतात. त्याने कमरेवरचा दाब कमी होतो, पण वजन खांद्यांवर आणि मानेवर येतं, आणि ढोल पुढेच राहत असल्याने मागे झुकणं तसंच राहतं. मुंग्या फार असतील तर हा मार्ग वापरून बघा, नुसत्या कंबरदुखीला त्याचा फारसा उपयोग होत नाही. ताशा गळ्यात असतो, त्यामुळे ताशावाल्यांचं दुखणं मानेत आणि दोन खांद्यांच्या मध्ये असतं. त्यांच्यासाठी वेगळं लिहावं लागेल.

हे फक्त ढोलाचं नाही. प्रत्येक वाद्य आपल्या माणसाला आपल्या मापाने घडवतं. तबलजी मांडी घालून तासन्‌तास बसतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या डोक्याला वळसा घालून जाणारी नस दाबली जाते, आणि एकदम उठलं तर पंजा उचलत नाही, पाऊल फरफटतं. बहुतेकांचं ते दोन मिनिटांत सुटतं, पण मी त्यांना नेहमी सांगते की मैफल संपल्यावर आधी पाय पसरा, घोटे फिरवा, मगच उठा. पेटीवाल्यांचा एक हात भात्यावर आणि एक पट्ट्यांवर, त्यामुळे त्यांचं धड सतत एकीकडे पिळलेलं. सतारीची बैठक दोन्ही खुब्यांना सारखी वागवत नाही. आणि आषाढातला दिंडीतला मृदंगवाला बघा. गळ्यात वाद्य घेऊन तो आळंदीहून पंढरपूरपर्यंतची अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट चालतो, पण त्याची चाल ढोलवाल्यासारखी रखडत नाही. मृदंग अंगाला लागून आडवा असतो, पावलं मोकळी पडतात आणि दिंडी सलग चालत राहते. वजन अंगाजवळ ठेवणं आणि पाय मोकळे चालू देणं, हे दोन्ही त्या परंपरेत आपसूक सांभाळलं गेलं आहे. ढोल पथकांनी त्यातून जरूर काही घ्यावं.

लयीचा चालण्याला फायदाही होतो, तोही सांगायलाच हवा. ठरावीक ठोक्यावर पावलं टाकायला लावलं तर पार्किन्सनच्या आणि पक्षाघाताच्या रुग्णांची चाल सुधारते. अमेरिकेत मायकल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर पायाभूत काम केलं, आणि आज मीसुद्धा रुग्णांना ठोका लावून चालवते. तुमच्या कानात तर ठेका पक्का बसलेला आहे. तुमच्या उपचारात मी तोच वापरणार आहे.

आता महिनाभर काय करायचं ते सांगते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ढोल ठेवला की दहा ते पंधरा मिनिटं मोकळं, भरभर चाला. हात खांद्यापासून हलवा, पावलं लांब टाका, टाच आधी टेकवा. मोबाईलवर मिनिटाला ११० ठोके लावा किंवा मनातल्या मनात ठेका धरा, प्रत्येक ठोक्याला एक पाऊल. चालणं संपल्यावर अर्धा-एक मिनिट उकिडवं बसा. मगच गाडीला किल्ली लावा. बाकीचं काही जमलं नाही तरी हे चुकवू नका. माझ्याकडे येणाऱ्या वादकांपैकी जे एवढं नेमाने करतात, त्यांची घरातली ढोलाची चाल दोन-तीन आठवड्यांत मोडते.

सरावात सलग वाजवण्याला खंड हवा. वीस-पंचवीस मिनिटांनी ढोल नुसता खाली टेकवू नका, गाठ सोडून उतरवा, पाणी प्या, शंभर पावलं चालून या. वाजवताना गुडघे ताठ ठेवू नका, किंचित सैल ठेवा. बेंबी हलकेच आत आणि छातीच्या खालच्या बरगड्या खाली, एवढं मनात धरा. ‘ताठ उभा राहा, छाती काढ’ असं जे ओरडून सांगितलं जातं, ते ढोलवाल्याला नेमकं चुकीचं आहे, कारण छाती काढली की कंबर आणखी मागे मोडते.

घरी आठवड्यातून तीन-चार दिवस वीस मिनिटं पुरतात. एका गुडघ्यावर बसून, दुसरा पाय पुढे ठेवून मागच्या खुब्याचा पुढचा भाग ताणा, प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट, दोन-तीनदा. उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचला. हातागुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करा, मग उलट, कंबर न हलवता. कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर उचलून धरा, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखं करा. पायऱ्यांवर चवड्यांनी वर-खाली होऊन पोटऱ्या पक्क्या करा. शेवटी पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी कवटाळून घरात फेऱ्या मारा, मागे न झुकता. दर आठवड्याला किलो-दीड किलो वाढवा. ढोलाच्या वजनापर्यंत पोहोचलात आणि तरी कंबर सरळ राहिली, तर विसर्जनाची तुमची तयारी झाली. ऑफिसात दर तासाला उठून दोन मिनिटं चाला, एवढं तरी कुठल्याही नोकरीत जमतं.

कमरेच्या पट्ट्याबद्दल. लंबर बेल्ट लावून ढोल वाजवला तर सुरुवातीला बरं वाटतं, हे खरं. पण त्यावरून ढोलाचा पट्टा बसल्याने मांडीची नस आणखी दाबली जाईल, आणि बरं वाटतंय म्हणून तुम्ही दुखण्याची मर्यादा ओलांडून वाजवाल. मी तुम्हाला तो सुचवणार नाही. दुखणं दाबणाऱ्या गोळ्या घेऊन मिरवणुकीला उतरणंही त्याच कारणासाठी टाळा.

पायात काय आहे याकडेही बघा. कडक तळाची चप्पल किंवा अनवाणी पाय डांबरी रस्त्यावर दिवसभर म्हणजे टाचेचं दुखणं ओढवून घेणं. पथकाचा नियम आड येत नसेल तर तळाला मऊ, मागून बंद बूट घाला. नियम असेल तर प्रमुखांशी बोला. माझा अनुभव असा की नीट कारण सांगितलं तर ऐकतात.

मिरवणुकीच्या दिवशी प्रत्येक ढोलामागे एक बदली वादक असावा आणि तो खरोखर बदलावा. आपली पाळी नसेल तेव्हा फुटपाथवर बसकण मारू नका, चालत राहा. पुढे काही दिवस एकदम गादीवर लोळत काढू नका. रोज अर्धा तास चाला.

सरावाला येणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं आणि त्यांचे पालकही हे वाचत असतील. या वयात मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं, आणि पुन्हा पुन्हा मागे वाकण्याने तिथे बारीक तडा जाऊ शकतो. वेगवान गोलंदाजांमध्ये आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुलांमध्ये तो दिसतो. वाढत्या वयाच्या मुलाची कंबर मागे वाकताना दुखते आणि दोन आठवड्यांत थांबत नाही, तर ‘सवय होईल’ म्हणू नका. वाजवणं थांबवा आणि तपासून घ्या.

तुमच्यासाठी थांबण्याच्या खुणा वेगळ्या. पाऊल उचलताना अडखळणं, गुडघ्याखाली उतरणारी कळ, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी असेल तर ढोल बांधू नका आणि डॉक्टरांकडे जा. बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सैल झाला, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी इस्पितळात पोहोचा.

यातलं काही नसेल तर माझं उत्तर असं: वाजवा, पण हा आठवडा सराव निम्म्यावर आणा, बांधणी बदला आणि नंतरचं चालणं सुरू करा. दोन आठवड्यांनी आईंना तुमच्या चालण्याची मागून एक चित्रफीत काढायला सांगा, ढोल उतरवून पंधरा मिनिटं चालल्यानंतरची, आणि दुसरी सकाळी उठल्यावरची. दोन्हींत खांदा सारखाच खाली दिसला आणि कंबरही तेवढीच दुखत असली, तर जवळच्या फिजिओथेरपिस्टला प्रत्यक्ष दाखवा, आणि जाताना ढोलाचा पट्टा सोबत न्या. तो कसा बांधता हे बघितल्याशिवाय त्यांनाही अर्धंच कळेल.